फ्लशनंतरचे शंभर फूट

एक साधा प्रश्न. तुमच्या घरात फ्लश केल्यावर ते पाणी जातं कुठे?

'गटारात' हे उत्तर चालणार नाही. कुठलं गटार? रस्त्याखालची मलवाहिनी, की पावसाचं पाणी वाहून नेणारा नाला? मध्ये टाकी आहे का? असली तर ती शेवटची कधी उपसली? मी हे प्रश्न वर्गात विचारले तेव्हा आधी सगळे हसले, मग "ईऽऽ, डबा खातोय ना आम्ही" झालं आणि मग लक्षात आलं की उत्तर कुणाकडेच नाही. नक्की सांगू शकली ती एकच मैत्रीण. तिचे बाबा प्लंबर आहेत.

मलाही माहीत नव्हतं. कळलं ते आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत. आई गावी गेली होती म्हणून तिच्या जागी मी जाऊन बसले. आमची बिल्डिंग तीन मजली, बारा फ्लॅटची, नव्वदच्या दशकातली. मागच्या बाजूला काँक्रीटच्या झाकणांखाली टाकी आहे. तिला सगळे 'सेफ्टी टँक' म्हणतात. खरा शब्द सेप्टिक टँक, म्हणजे कुजण्याची टाकी. बोलता बोलता आपण तिची 'सेफ्टी' करून टाकली आहे. तर दोन वर्षांपूर्वी समोरच्या रस्त्यावर नवी मलवाहिनी पडली. चार महिने रस्ता खणलेला होता, कॉलेजला जाताना मी फळीवरून तोल सांभाळत जायचे. या वाहिनीचं चेंबर आमच्या गेटपासून वीसेक पावलांवर आहे. आमची बिल्डिंग आजही तिला जोडलेली नाही.

सभेत हा विषय निघाला. सेक्रेटरी काकांनी जोडणीचा अंदाजे खर्च वाचून दाखवला आणि हॉलमध्ये शांतता पसरली. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "भरली की गाडी बोलावतोच आपण, काम भागतंय ना?" गाडी शेवटची कधी बोलावली यावर मात्र एकमत होईना. कुणी म्हणालं दोन वर्षं झाली, कुणी म्हणालं कोविडच्या आधी. एक काका म्हणाले, पुढेमागे रीडेव्हलपमेंट होणारच आहे, मग आत्ता कशाला खड्डे खणायचे. आणि मागून कुणीतरी विचारलं, "पण हे कंपल्सरी आहे का?"

कुणालाच माहीत नव्हतं. विषय पुढच्या सभेवर गेला. मी त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसले.

कायदा म्हणतो, 'शकतात'

उत्तर जुनं आहे. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा. त्यात म्हटलंय की एखाद्या जागेत सांडपाण्याची नीट सोय नसेल आणि पालिकेची वाहिनी त्या जागेपासून शंभर फुटांच्या आत असेल, तर आयुक्त मालकाला किंवा तिथे राहणाऱ्याला लेखी नोटीस देऊन वाहिनीला जोडून घ्यायला सांगू शकतात. वाहिनी शंभर फुटांपेक्षा लांब असेल तर बंदिस्त सेसपूल, म्हणजे मैला साठवायचा खड्डा, बांधायला सांगू शकतात. राज्यातल्या इतर महापालिका ज्या १९४९ च्या कायद्यावर चालतात, त्यातही याच धर्तीच्या तरतुदी आहेत. आमचं शहर त्यातच मोडतं.

म्हणजे कायद्याच्या डोळ्यांनी पाहिलं तर खड्डा ही नाइलाजाची सोय आहे. लाइन जवळ नाही म्हणून खड्डा. लाइन आली की खड्ड्याचं कारण संपलं. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी, विजेचे दिवेसुद्धा घराघरांत नव्हते तेव्हा, हे लिहून ठेवलंय.

आता त्या वाक्यातलं क्रियापद बघा. 'सांगू शकतात'. कायदा तुम्हाला थेट 'जोडा' म्हणत नाही. तो आयुक्तांना म्हणतो, तुम्हाला वाटलं तर यांना सांगा. नोटीस आली नाही तर आमच्या सोसायटीचं काहीच चुकत नाही. आणि नोटीस कोण काढणार? वाहिनी टाकणाऱ्या विभागाचं काम रस्ता पुन्हा डांबरी झाला की संपतं, किती मीटर टाकली याचा हिशेब लागतो आणि फाइल बंद होते. किती घरं जोडली गेली याचा हिशेब वेगळा, आणि तो कुणी मागत नाही. पालिका रस्त्यापाशी थांबते, सोसायटी गेटपाशी थांबते. मधले शंभर फूट कुणाचेच नाहीत.

२०११ च्या जनगणनेनुसार शहरी भारतातली ३२.७ टक्के घरं मलवाहिनीला जोडलेली होती आणि ३८.२ टक्के घरांचा मैला सेप्टिक टँकमध्ये जात होता. आकडे जुने आहेत, पण अंदाज यायला पुरेसे. आपल्याला वाटतं शहर म्हणजे ड्रेनेज. प्रत्यक्षात शहर म्हणजे आधी टाकी, मग ड्रेनेज.

मागच्या दाराची गोष्ट

इथे थोडं मुंबईच्या गिरगाव-भुलेश्वरकडे जायला हवं. तिथे दोन जुन्या इमारतींच्या मध्ये एक चिंचोळा बोळ असतो. त्याला 'हाऊस गल्ली' म्हणतात. आज त्यात कचरा, गळके पाइप आणि घुशी. पण कायद्यात या बोळाची रीतसर व्याख्या आहे. सांडपाणी वाहून जावं म्हणून, किंवा संडास, मुतारी, सेसपूल साफ करणाऱ्या पालिकेच्या माणसांना तिथपर्यंत पोचता यावं म्हणून राखून ठेवलेली जागा, असा तिचा अर्थ.

म्हणजे घराच्या मागे संडास, त्याखाली टोपली, मागच्या बोळातून माणूस येणार, टोपली रिकामी करून तो मैला डोक्यावर घेऊन जाणार. पुढच्या दाराला तो दिसायला नको. ही व्यवस्था कुठल्या जातींच्या अंगावर टाकलेली होती ते वेगळं सांगायला नको. हाऊस गल्ली ही जातीची विटा-चुन्यात आखलेली रेघ होती. हे काम करणाऱ्याला मुंबईत 'हलालखोर' म्हणत आणि या सेवेसाठी मालमत्तेवर जो कर होता, त्याचं नावच 'हलालखोर कर'. पुढे ते नाव गेलं. मुंबईत आज मालमत्ता कराच्या बिलावर 'मलनिस्सारण कर' आणि 'मलनिस्सारण लाभ कर' अशा ओळी दिसतील. बाबांकडून बिल मागून घ्या, बघा.

हे सगळं इतिहास म्हणून सोडून देता आलं असतं. पण आजची पाइपाची अडचण तिथूनच सुरू होते. जुन्या वाड्यात, चाळीत, गावठाणातल्या घरात संडास मागे, कारण माणूस मागून यायचा. नवी वाहिनी पुढे, कारण ती रस्त्याखालीच पडते. जोडायचं म्हटलं की पाइप घराच्या पोटातून न्यायचा, नाहीतर शेजाऱ्याच्या हद्दीतून. त्यात आपले रस्ते दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर घेऊन उंच होतात आणि जुनी जोती तेवढीच खाली जातात. मलवाहिनी उतारावर चालते. घराचा पाइप चेंबरपेक्षा खाली गेला की उतार उलटा होतो आणि मग पंप लागतो, म्हणजे विजेचं बिल आणि देखभाल. पागडीची इमारत असेल तर अजून गंमत. मालक म्हणतो भाडं किती देता ते बघा, भाडेकरू म्हणतात इमारत तुमची. नोटीस दोघांपैकी कुणालाही जाऊ शकते.

म्हणून 'लोकांना स्वच्छतेचं महत्त्व कळत नाही' या वाक्याचा मला आता कंटाळा आला आहे. काहींना खरंच परवडत नाही. काहींचं जोतं खाली आहे. पण आमच्यासारख्या बारा फ्लॅटच्या, खाली सहा गाड्या उभ्या असलेल्या बिल्डिंगला यातलं एकही कारण लागू होत नाही, हेही तितकंच खरं.

'ताई, तळाचं घट्ट असतं'

आता टाकीत काय होतं ते बघू. जड मैला खाली बसतो, तेलकट थर वर तरंगतो आणि मधलं पाणी पुढच्या कप्प्यातून बाहेर पडतं. हे पाणी स्वच्छ नसतं, फक्त कमी घाण असतं. ते शोषखड्ड्यात जाऊन जमिनीत मुरावं अशी मूळ कल्पना. गावात हे जमतं. शहरात शोषखड्ड्याची जागा पार्किंगने खाल्ली, त्यामुळे टाकीचा पाइप गुपचूप पावसाळी गटारात सोडलेला असतो. तिथून नाला, नाल्यातून नदी किंवा खाडी. आमच्या टाकीचं पाणी कुठे जातं, हे मी सेक्रेटरी काकांना विचारलं. ते म्हणाले, "जातं बरोबर."

खाली बसलेला गाळ दोन-तीन वर्षांतून एकदा उपसायचा असतो. नाही उपसला तर टाकीत जागाच उरत नाही आणि वरून आलेलं जसंच्या तसं पुढे जातं. टाकी आहे, पण नसल्यासारखी.

आमच्या भागात टाक्या उपसणाऱ्या एका गाडीवाल्या दादांशी बोलले. नाव छापायचं नाही या अटीवर ते बोलले. मी विचारलं, गाडीला मोटर आहे, पाइप आहे, मग माणूस का उतरतो? ते म्हणाले, "ताई, पाइपाने पातळ निघतं. तळाचं घट्ट असतं, वर्षानुवर्षं साचलेलं. आम्ही म्हणतो झालं. सोसायटीवाले म्हणतात, पैसे पूर्ण घेतले ना, मग पूर्ण साफ करा. टॉर्च मारून बघतात वरून." मग? "मग काय. पोरं असतात सोबत."

त्या वाक्यापाशी मी थोडा वेळ थांबले होते, तुम्हीही थांबा. काकूंचं 'भरली की गाडी बोलावतो' आणि दादांचं 'पोरं असतात सोबत' ही एकाच व्यवहाराची दोन टोकं आहेत.

टाकीत मिथेन असतो आणि हायड्रोजन सल्फाइड असतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो हे आपण शाळेत शिकलो. शाळेत हे नाही शिकवलं की प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची ताकदच जाते. धोका सर्वात जास्त असतो तेव्हा वास येतच नाही. उतरलेला माणूस काही क्षणांत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. बातम्यांमध्ये एकाच टाकीत तिघे-चौघे का गेलेले असतात त्याचं कारण हे.

डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीच्या एका खासगी सोसायटीची टाकी साफ करताना तिघे गेले. त्यांच्या पत्नी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या आणि २०२१ मध्ये न्यायालयाने प्रत्येकी १० लाखांच्या भरपाईचा आदेश दिला. एप्रिल २०२४ मध्ये विरारमध्ये चौघे गेले. तिथे जुनी टाकी नव्हती, मोठ्या गृहसंकुलाचं स्वतःचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र होतं. म्हणजे हा फक्त जुन्या, गरीब वस्त्यांचा प्रश्न आहे असं समजू नका. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत देशात गटारं आणि सेप्टिक टँक साफ करताना ३७७ माणसं मेली.

हे सगळं बेकायदा आहे. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करायला लावणं तर बंद केलंच, शिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये पुरेशा साधनांशिवाय माणूस उतरवणं हाही गुन्हा ठरवला. पहिल्यांदा गुन्हा झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा अजामीनपात्र. आणि तो फक्त कंत्राटदाराला लागू नाही. काम देणारी 'कुठलीही व्यक्ती' त्यात येते. टॉर्च मारणारे आपले चेअरमन काकासुद्धा. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी १० लाखांची भरपाई ठरवली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह सहा महानगरांत हाताने गटारसफाई बंद करण्याचे आदेश दिले. दिल्लीतल्या निकालांमधून रक्कम वाढत गेली. मागच्या अंगणातला खड्डा तसाच राहिला.

यावर कुणी म्हणेल, माणसं मॅनहोलमध्येही मरतात, मग टाकी सोडून मलवाहिनीला जोडलं म्हणून काय फरक पडणार? मुद्दा रास्त आहे. माझं म्हणणं एवढंच की मॅनहोल सार्वजनिक रस्त्यावर असतं. ते पालिकेचं आहे, त्याची नोंद आहे, तिथे यंत्र आणता येतं आणि नाही आणलं तर कुणाला जाब विचारायचा ते ठरलेलं आहे. टाकी खासगी कंपाउंडच्या आत असते. तिची नोंद अनेकदा बिल्डरच्या जुन्या नकाशापलीकडे कुठेच नसते. गेट बंद केलं की आत काय चाललंय ते कुणाला दिसत नाही. हजारो न दिसणाऱ्या खड्ड्यांवर नजर ठेवण्यापेक्षा मोजक्या, दिसणाऱ्या मॅनहोलवर ठेवणं कोणत्याही शहराला सोपं.

लाइनच्या दुसऱ्या टोकाला

पण मग 'सगळ्यांना सक्तीने जोडून टाका' म्हणायचं का? मीही आधी तेच लिहिणार होते. लंडनची गोष्ट वाचली आणि थांबले.

१८४० च्या दशकाच्या शेवटी लंडनमध्ये हेच झालं. घराखालचे सेसपूल बंद करा आणि गटाराला जोडा, असा हुकूम निघाला. सहाएक वर्षांत सुमारे ३० हजार सेसपूल बंद झाले. अंमलबजावणी म्हणून उत्तमच. फक्त ती गटारं थेट थेम्स नदीत जात होती आणि शहर पिण्याचं पाणी त्याच नदीतून उचलत होतं. १८५३-५४ च्या कॉलऱ्यात लंडनमध्ये दहा हजारांहून जास्त माणसं गेली. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीचा वास इतका वाढला की नदीकाठच्या संसदेचे पडदे क्लोराइड ऑफ लाइमच्या, म्हणजे ब्लीचिंग पावडरच्या, द्रावणात भिजवायची वेळ आली. खासदारांच्या नाकापर्यंत गोष्ट गेली तेव्हा कुठे जोसेफ बॅझलगेट या इंजिनिअरच्या मोठ्या मलवाहिन्यांना पैसे मंजूर झाले. घाण अंगणातून काढून नदीत टाकणं म्हणजे ती साफ करणं नव्हे.

आपण कुठे आहोत? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होते २०,२३५ दशलक्ष लिटरवर. अठ्ठावीस टक्के. पण याच अहवालात आणखी एक आकडा आहे, त्याच्याकडे कुणी बघत नाही. चालू असलेल्या केंद्रांची क्षमता होती २६,८६९ दशलक्ष लिटर. म्हणजे एकीकडे नद्यांमध्ये मैला चाललाय आणि दुसरीकडे जी केंद्रं चालू आहेत तीसुद्धा पूर्ण भरत नाहीत. याला अनेक कारणं आहेत, पण एक आमच्या गेटबाहेर वीस पावलांवर आहे. घरंच जोडलेली नसतील तर केंद्रापर्यंत पोचणार काय?

मुंबईत सध्या वरळी, वांद्रे, धारावी, घाटकोपर, भांडुप, वर्सोवा आणि मालाड इथे सात मोठी प्रक्रिया केंद्रं उभी राहतायत. एकूण क्षमता रोज २,४६४ दशलक्ष लिटर. काम हजारो कोटींचं आहे, व्हायलाच हवं. त्यांच्या बातम्यांत क्षमता येते, तंत्रज्ञान येतं, मुदत येते. किती वस्त्या, किती सार्वजनिक शौचालयं अजून टाकीवर आहेत आणि ती कधी जोडली जाणार, ही ओळ त्याच बातमीत यायला हवी. मी पुढे कधी ही बातमी केली तर हा प्रश्न आधी विचारीन.

बरं, कायद्यातलं 'शकतात' काढून 'पाहिजे' घातलं की काम होतं का? त्यासाठी गोव्याकडे बघा. तिथे २००८ पासून मलनिस्सारणाचा स्वतंत्र कायदा आहे आणि वाहिनी उपलब्ध असेल तिथे जोडणी घेणं बंधनकारक आहे. तरी मडगाव परिसरातली साळ नदी सांडपाण्याने खराब होतेच आहे, आणि वाहिनी असूनही न जोडलेली घरं हे त्यामागचं एक कारण म्हणून पुन्हा पुन्हा पुढे येतं. क्रियापद बदललं, पण शंभर फूट तसेच राहिले.

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्याकडेच, साताऱ्याजवळच्या वाईचं. गणपती आणि विश्वकोशासाठी ओळखलं जाणारं छोटं गाव. तिथे शहरभर मलवाहिनीचं जाळं नाही, टाक्याच आहेत. पण नगरपालिकेने २०१८ पासून 'भरली की बोलवा' ही पद्धतच बंद केली. गाडी वेळापत्रकाप्रमाणे येते, तीन वर्षांत प्रत्येक टाकीची पाळी लागते, उपसलेला गाळ प्रक्रिया केंद्रावर जातो. गाडी येईल तेव्हा वेगळे पैसे द्यायचे नाहीत, खर्च करातून. नाशिकजवळच्या सिन्नरनेही हेच केलं. यात माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काय, तर पालिका गेटच्या आत आली. टाकी तुमची असली तरी तिच्यातला मैला आमची जबाबदारी, असं तिने मानलं. आणि दर तीन वर्षांनी उपसा झाला की तळाचं घट्ट होतच नाही. पोरांना उतरवायची वेळ येत नाही.

मोठ्या शहरांनी जोडणीचंही असंच का करू नये? रस्ता खणलेलाच असतो, कंत्राटदार तिथेच असतो, तेव्हाच घरापर्यंतचा पाइपही त्याच कामात टाकायचा. खर्च मालमत्ता कराच्या बिलातून पाच-सात वर्षांत हप्त्याने घ्यायचा. आम्हा बारा घरांना एकदम मोठी रक्कम काढायची म्हटलं की आठवतं ते रीडेव्हलपमेंट. बिलात थोडे थोडे वाढले असते तर सभेत कुणी हातही वर केला नसता. एवढं करूनही जो जोडणार नाही त्याला नोटीस द्या, दंड करा, बेलाशक करा. आणि जोडणी झाली की जुनी टाकी उपसून, भरून, कायमची बंद झाल्याचं तपासा. नाहीतर मैला वाहिनीत जातो आणि खाली विसरलेली टाकी झाकणासकट तशीच राहते. मग एखाद्या दिवशी कुणाचा तरी पाय त्या झाकणावर पडतो.

झोपडपट्टीला मात्र हीच फूटपट्टी लावता येणार नाही. तिथे संडासच सामायिक, जमीन कुणाची यावर वाद, बोळ तीन फुटांचा. तिथल्या माणसाच्या हातात नोटीस देणं म्हणजे त्याला हुसकावून लावायचं आणखी एक निमित्त देणं. तिथल्या शौचालयांची जोडणी पूर्णपणे पालिकेच्या खर्चाने आणि पालिकेच्या अंगावरच व्हायला हवी. कायद्यात 'मालक' लिहिलंय म्हणून मालक नसलेल्यांना त्यातून वगळून चालत नाही.

मधल्या काळात करण्यासारखी एक गोष्ट. टाकी उपसायला कधी माणूस उतरताना दिसला तर १४४२० हा हेल्पलाइन क्रमांक आहे, टाक्यांच्या सुरक्षित सफाईसाठी सुरू केलेला. निदान "पूर्ण साफ करा" म्हणणाऱ्याला गप्प तरी बसवा. तो तुमच्याच मजल्यावरचा असेल, शक्यता जास्त आहे.

रविवारी मी मोजपट्टी घेऊन खाली गेले. वॉचमन काकांनी एक टोक धरलं, काय चाललंय ते त्यांना सांगितल्यावर हसले. गेटपासून चेंबर एकोणपन्नास फूट. मागच्या टाकीपासून मोजलं तर ब्याण्णव. कसंही मोजा, शंभरच्या आत. पुढची सभा दिवाळीनंतर आहे. आई म्हणतेय, या वेळीही तूच जा.